९.८, ९.८, ९.८

संपादक महोदय,

मागच्या रविवारी राजवाड्याजवळच्या एका दुकानातून पावशेर लौंगची शेव घेतली. घरी येऊन पुडी सोडली, तर कागद म्हणजे कुणाच्या तरी प्रॅक्टिकल फाइलचं पान निघालं. टायट्रेशनचा तक्ता, म्हणजे एका द्रावणाला पुरं भागवायला दुसरं किती मिली लागलं त्याच्या मोजणीचा. पहिलं रीडिंग ९.८, दुसरं ९.८, तिसरं ९.८. खाली लाल शाईत सही, आणि सहीशेजारी ‘गुड’.

शेव संपली, कागद ठेवून घेतला. तेल पिऊन तो आता आरपार दिसतो. त्याच्यावरूनच हे पत्र लिहितो आहे.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. १९८६ साली लागलो, २०२० साली निवृत्त झालो. शिकवणं हे माझं काम नव्हतं. द्रावणं बनवायची, बाटल्यांना लेबलं लावायची, सकाळी डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालू करायचं, काच मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची, ब्रेकेजचं रजिस्टर ठेवायचं. प्राध्यापक बदलले, प्राचार्य बदलले, मी त्याच ओट्याशी उभा राहिलो. त्यामुळे विद्यार्थी काय शिकला, काय नाही, हे मला मार्कशीटच्या आधी आणि जरा जास्त नेमकं कळत असे, असं म्हणायचं धाडस करतो.

हे ९.८ माझ्या जुन्या ओळखीचं आहे. एका वर्षी माझ्या हातून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थोडं पातळ झालं. वजन करताना फोन आला, परत येऊन मी फ्लास्क खुणेच्या वर भरला. त्या द्रावणाने १०.६ च्या आसपास रीडिंग यायला हवं होतं. मी घाबरून प्राध्यापकांना सांगायला जाणार, तेवढ्यात फाइली जमा झाल्या. पाहिलं तर सगळ्या फाइलींत ९.८. मागच्या वर्षीच्या मुलांकडून आलेलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून. माझी चूक एकालाही सापडली नाही. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. वाईट नंतर वाटलं.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली, कुणाला न सांगता. बाटलीत किती होतं आणि किती उरलं, ते पेन्सिलीने लिहून ठेवायचो. ५४ मुलं, प्रत्येकी तीन रीडिंग, एका रीडिंगला साधारण दहा मिली. म्हणजे १६२० मिली नुसती टायट्रेशनला. ब्युरेट, म्हणजे द्रावण सोडायची खुणांची, तोटीची नळी, धुवायला, हात बसेपर्यंत वाया जायला धरलं तर अडीच लिटर तरी जायलाच हवं. एकदा गेलं होतं ९०० मिली. ५४ फाइली पूर्ण, ५४ सह्या, आणि बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली! दुसरी माझी मोजपट्टी म्हणजे ब्रेकेज. ज्या वर्षी मुलं खरंच हात चालवत, त्या वर्षी पिपेटांची, म्हणजे द्रावण मोजून ओढायच्या नळ्यांची, टोकं उडायची, टेस्ट ट्यूब फुटायच्या. ज्या वर्षी ब्रेकेज शून्याला येई, त्या वर्षी आमचं ऑफिस माझं कौतुक करी, आणि मला मात्र कळायचं की या वर्षी कुणी काही केलेलं नाही.

आता परीक्षेच्या दिवसाचं सांगतो. बाहेरचे परीक्षक येतात. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी दाल-बाफले. माळव्याचं आदरातिथ्य आहे, त्यात कसर नसते. बाफल्यानंतर पन्नास मुलांच्या ब्युरेटपुढे कोण वाकणार? प्रत्येकाची दोन मिनिटं व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते, त्यातलं एक मिनिट नाव आणि गाव विचारण्यात जातं, आणि संध्याकाळच्या आत गुण भरले जातात.

यात मी साव नव्हतो. सॉल्ट, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते टेस्ट करून ओळखायच्या परीक्षेत पोरं हळूच माझ्याकडे यायची, “काका, सॉल्ट कौन सा है?” मी सांगायचो. कधी कचोऱ्यांच्या पुड्यासाठी, बहुतेक वेळा नुसतीच दया येऊन. एकदा ट्रेचे नंबर माझ्याच डोक्यात उलटसुलट झाले. एका मुलाला मी अमोनियम क्लोराइड सांगितलं, त्याच्या नळीत होतं लेड नायट्रेट. त्याने अमोनियमच्या सगळ्या टेस्ट लिहिल्या. वास आला म्हणून लिहिलं, नेसलर रिएजंटने तपकिरी साका आला म्हणून लिहिलं. नळीत नसलेल्या पदार्थाचा त्याला वास आला. त्याला ५० पैकी ४३ मिळाले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि पुढच्या वर्षापासून सॉल्ट सांगणं मी बंद केलं. पोरं चिडली. “काका बदल गए,” म्हणायची.

हे सगळं जुनं झालं, आता मूल्यमापन शास्त्रीय झालंय, असं आपल्याकडे अलीकडे वारंवार छापून येतं. म्हणून नॅकबद्दल, म्हणजे महाविद्यालयं तपासून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेबद्दल, लिहिणं भाग आहे. नॅकची स्थापना १९९४ सालची, मुख्यालय बंगळूरुला. मी निवृत्त झालो तेव्हा तिच्या सात निकषांपैकी दुसरा अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचा होता, आणि आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयासाठी एक हजारांपैकी ३५० गुण त्या एका निकषाला होते. बाकी कुठल्याच निकषाला इतके नव्हते. म्हणजे ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांना महत्त्वाचं काय ते कळत होतं. कोर्स आउटकम म्हणतात तेही मुळात साधं आहे: हा विषय शिकल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते आधी लिहा, शेवटी ते आलं का बघा, आलं नसेल तर शिकवायची रीत बदला. कुठलाही सुतार आपल्या हाताखालच्या पोराला असंच शिकवतो.

आमच्याकडे त्याचं काय झालं? ‘विद्यार्थी अचूक टायट्रेशन करू शकेल’ असा एक आउटकम लिहिला गेला. किती टक्के मुलांना साठाच्या वर गुण आहेत त्यावरून एक, दोन किंवा तीन अशी पातळी काढायची होती. गुण घेतले ते प्रॅक्टिकलचेच. ९.८ वरून दिलेले गुण, त्या गुणांवरून टक्केवारी, टक्केवारीवरून पातळी तीन, म्हणजे पैकीच्या पैकी. तक्ता फार सुंदर होता, हिरवा-पिवळा रंगवलेला. जागा आणि वेळ छापून येणारे जिओटॅगचे फोटोही हवे होते, म्हणून मुलांना पांढरे कोट घालून ब्युरेटसमोर उभं केलं. ब्युरेट रिकाम्या होत्या. मी म्हटलं, निदान पाणी तरी भरतो, तर म्हणाले राहू द्या, फोटोत कळत नाही.

परीक्षेच्या पद्धतीही बदलून झाल्या. मध्य प्रदेशात २००८ च्या सुमारास सेमिस्टर आलं, २०१७ मध्ये पदवीचं सेमिस्टर जाऊन पुन्हा वार्षिक परीक्षा आली, २०२१-२२ पासून नवं शैक्षणिक धोरण. दर वेळी नवी छापील रजिस्टरं आली, ओट्यावर तेच. सीसीई, म्हणजे सतत व्यापक मूल्यांकन, यात ‘सतत’ हा शब्द फार चांगला आहे. माझ्या जागेवर आलेला मुलगा अधूनमधून भेटतो, तो सांगतो की मुलं असाइनमेंट एकमेकांचं उतरवून आणतात, एका दिवसात गठ्ठा तपासला जातो, ३० पैकी २६-२७ दिले की कुणाची तक्रार येत नाही. गठ्ठा कुणालाच परत मिळत नाही.

माझं सगळं म्हणणं या परत मिळण्यापाशी अडलेलं आहे. मुलाची चूक त्याला परत मिळाली पाहिजे, आणि ती दुरुस्त करायला दिवस हातात असताना मिळाली पाहिजे. हे होऊ शकतं, कारण मी ते होताना पाहिलं आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या विभागात एक मॅडम होत्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. आल्या आल्या त्यांनी मला कामाला लावलं. “भाऊ, एका बाटलीने चालायचं नाही. आम्लाची सहा द्रावणं करा, सहाही वेगळी. बाटल्यांवर नुसते आकडे घाला.” कुठल्या बाटलीचं रीडिंग किती यायला हवं, ते फक्त माझ्या वहीत आणि त्यांच्या वहीत. मी कुरकुर केली. एकाऐवजी सहा फ्लास्क, सहा वेळा वजन, आणि पगार तोच! पण पहिल्याच आठवड्यात ९.८ मेलं. शेजाऱ्याचं उतरवावं तर शेजाऱ्याची बाटली वेगळी.

मूल आकडा घेऊन आलं की मॅडम वहीत बघत, आणि गुण देत नसत. चूक काय तेही सांगत नसत. “ब्युरेटपाशी जा, पहिल्यापासून करून दाखव,” म्हणत आणि शेजारी उभ्या राहत. धारकडच्या खेड्यातला एक मुलगा होता, मान वर करून बोलायचा नाही. त्याच्या बाटलीचं रीडिंग ९.४, तो आणायचा कधी ८.६, कधी ९.१. तीनदा परत गेला. चौथ्या वेळी मॅडमनी त्याला नुसतं विचारलं, “वर काय राहिलंय?” त्याने वर पाहिलं. ब्युरेट भरायचं नरसाळं तसंच वर होतं, त्याच्यातून थेंब थेंब आत पडत होता, आणि खालचं रीडिंग म्हणून कमी येत होतं. तो जो हसला! गुण त्याला शेवटच्या रीडिंगचे मिळाले, पूर्ण. आधीच्या तीन चुकांचे कापले नाहीत. यावर विभागात वादही झाला, एक सर म्हणाले की मग पहिल्या फटक्यात बरोबर आणणाऱ्यावर अन्याय होतो. मॅडम म्हणाल्या, त्याला मी दुसरं अवघड देते. दिलंही.

तासाच्या शेवटी त्या चिठ्ठ्या मागत. आजचं काय कळलं नाही ते एका ओळीत, नाव घालायचं नाही. फिल्टर पेपरच्या रिकाम्या डब्यात गोळा करायच्या, आणि मोजायच्या मी. एके दिवशी दोन बॅच मिळून ४१ पैकी २९ चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता. पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने आधी खळबळून घेतो, मग ज्यात टायट्रेशन होतं तो कॉनिकल फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने का? मॅडम त्या २९ चिठ्ठ्या घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. “म्हणजे गेल्या महिन्याभरात मी काही शिकवलंच नाही की,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून त्यांनी तेवढंच घेतलं. पिपेटने मोजून दहा मिली टाकायचे, आणि फ्लास्कच्या भिंतींना आधीचं द्रावण चिकटलेलं असेल, तर आत गेलं किती? हे मला इतकी वर्षं नोकरी झालेली असताना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तोवर मी फ्लास्क पाण्याने धुवायचो, कारण धुवायचा असतो म्हणून.

दर आठवड्याला पहिली पाच मिनिटं त्या कोरा कागद देत आणि मागच्या वेळचं न बघता लिहायला सांगत. तपासत नसत, मुलांनीच वही उघडून ताडून बघायचं. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. माझी मुलगी पुण्यात शिकवते, तिला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, यावर अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉडिगर आणि कार्पिक यांनी प्रयोग केलाय, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून दुसऱ्या वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. मॅडम तोवर निवृत्त होऊन गेल्या होत्या. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या की यात काय नवीन.

त्याच मला एकदा चहा पिताना म्हणाल्या होत्या की १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने लिहून ठेवलंय, विद्यापीठाच्या शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची. “तुमच्या-माझ्या जन्माआधीचं आहे हो, भाऊ.”

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हातारा नुसता जुन्या आठवणी उगाळतोय असं होईल. मॅडमच्या बॅचला २०-२२ मुलं होती. आज एका वेळी पन्नास-साठ उभी असतात, ब्युरेट त्याच्या निम्म्या, आणि शिकवणारे अनेक ठिकाणी अतिथी विद्वान, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेले. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. माझी भरली, पण तो मुलगा तीन विभाग सांभाळतो. सहा द्रावणं कोण बनवणार? मी त्यांना दोष देत नाही. मात्र चिठ्ठ्यांना पैसे लागत नाहीत, नरसाळ्याकडे बोट दाखवायलाही लागत नाहीत. आणि फोटोसाठी पांढरे कोट भाड्याने आणायला ज्यांना वेळ मिळतो, त्यांना सहाऐवजी दोन बाटल्या तरी जमतील.

उत्तरपत्रिकांचंही तेच. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला. पण पदवीच्या मुलाला अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, आणि कागद हातात येईपर्यंत पुढची परीक्षा उंबरठ्यावर असते. विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेचं राहू द्या. निदान महाविद्यालयातल्या अंतर्गत चाचणीचे कागद आठवड्याच्या आत मुलांच्या हातात पडावेत, आणि सीसीईचे काही गुण दुरुस्त करून परत आणलेल्या उत्तराला ठेवावेत, एवढं आमच्या विद्यापीठाने आणि उच्च शिक्षण विभागाने करायला हरकत नाही. नॅकच्या लोकांनी रंगीत तक्त्याच्या आधी ब्रेकेजचं रजिस्टर मागवावं, ही माझी खाजगी सूचना.

पत्र लांबलं. एवढं लिहायला बसलो त्याचं कारण खरं तर शेवेची पुडी नाही. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी, मला लहानपणापासून आजोबा म्हणते, चांगल्या श्रेणीत बी.एस्सी. झाली. पिथमपूरला एका औषध कंपनीत मुलाखतीला गेली. तिथे तिला ब्युरेट दाखवून रीडिंग वाचायला सांगितलं, आणि मग तोच प्रश्न विचारला, फ्लास्क पाण्याने का. तिला दोन्ही आलं नाही. घरी येऊन रडली, आणि मग आईने तिला माझ्याकडे पाठवलं.

माझ्याकडे भंगाराच्या लिलावात घेतलेली एक जुनी ब्युरेट आहे, टोक जरा उडालेलं. कपडे वाळत घालायच्या स्टँडला ती सुतळीने बांधली. पानाच्या चुन्याची निवळी केली, व्हिनेगर वीसपट पातळ केलं, इंडिकेटर म्हणून हळद. पिपेट नव्हती, औषधाच्या दुकानातून दहा मिलीची सिरिंज आणली. फ्लास्क म्हणून काचेची छोटी बाटली. निवळीत हळद पडली की लाल होते, व्हिनेगरने पुरी भागली की पिवळी.

पहिलं रीडिंग तिने आणलं १३.२. रंग कधीच पिवळा झाला होता आणि तोटी चालूच होती. दुसरं १२.१. नंतर ११.९, आणि पुन्हा ११.९. वाकून, एक डोळा मिटून वाचत होती. मग थांबली आणि म्हणाली, “आजोबा, बाटली आपण निवळीनेच खळबळली तर काय होईल?”

मी काही बोललो नाही, बाटली तिच्याकडे सरकवली. तिने खळबळली, ओतून दिली, सिरिंजने दहा मिली टाकले, हळद टाकली, तोटी सोडली. १२.७ आलं. तिने ते शेवेच्या त्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, आणि बाटली पुन्हा पाण्याने धुवायला मोरीत गेली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
लोकमान्य नगर, इंदूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)